चौऱ्याऐंशीच्या शिळेवरचा हिशेब

पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात एक शिळा आहे. चौऱ्याऐंशीचा शिलालेख म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. वाचलेली मात्र फार थोड्यांनी. या शिळेला अंग लागले की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा. म्हणून कित्येक पिढ्यांच्या वारकऱ्यांनी तिला पाठ घासली. घाम, तेल, बुक्का, घोंगड्याची लोकर असे सगळे त्या अक्षरांवरून गेले आणि अक्षरे झिजली. महाराष्ट्रात एवढ्या लोकांच्या अंगाला लागलेला दुसरा ऐतिहासिक दस्तऐवज नसेल.

मोक्षाचे त्या शिळेवर काही नाही. तिथे हिशेब आहे. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळात विठ्ठलाच्या पूजेला कोणी किती पैका दिला, त्याची ती यादी. देवाची फुले चंद्रसूर्य असेतोवर चालावीत म्हणून भक्तांनी रकमा ठेवल्या आणि एकेकाचे नाव खोदले गेले. देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव या यादीत आहे, त्याचा करणाधिप हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत आहे, आणि ज्यांचे नाव दुसऱ्या कुठल्याच कागदात सापडणार नाही अशी माणसेही आहेत. बऱ्याच नोंदी मराठीत, काही संस्कृतात, काही कानडीत. नामदेवांचा जन्म परंपरेने १२७० चा, ज्ञानेश्वरांचा १२७५ चा. ज्या पाच वर्षांत ही शिळा भरत होती, त्या वर्षांत मराठीतले हे दोन थोर कवी लहान मुले होती.

पंढरपूरच्या इतिहासाचे भांडण निघाले की मला ही शिळा आठवते. भांडण जुने आहे आणि त्याला अनेक तोंडे आहेत. विठ्ठल मुळात कोण? वैष्णवांचा, शैवांचा, बौद्धांचा, जैनांचा की धनगरांचा? मराठी की कानडी? आज विटेवर उभी आहे ती मूर्ती पहिली की नंतरची? देऊळ कोणाच्या ताब्यात असावे, पुजाऱ्यांच्या की सरकारच्या? यातले प्रत्येक भांडण मुळापाशी जाऊ पाहते, म्हणजे पहिला मालक शोधू पाहते. पुरावे मात्र मालकाविषयी फार कमी बोलतात. ते बोलतात हात लावणाऱ्यांविषयी: कोणी बांधले, कोणी दिले, कोणी लपवले, कोणी परत आणले आणि कोणाला हात लावू दिला नाही.

सुरुवात ताम्रपटापासून करू. मानपूरच्या राष्ट्रकूट घराण्यातल्या अविधेय राजाचा, इ. स. ५१६ चा मानला जाणारा एक ताम्रपट आहे. त्यात पांडरंगपल्ली नावाचे गाव दान दिले आहे आणि ज्या ब्राह्मणाला दिले त्याचे नाव जयद्विठ्ठ. बहुतेक अभ्यासक पांडरंगपल्ली म्हणजे आजचे पंढरपूर मानतात. हे मान्य केले तरी या ताम्रपटात देऊळ नाही, देव नाही, विटेचे तर नावच नाही. एका गावाचे नाव आणि एका माणसाचे नाव, एवढाच ऐवज. त्यावरून विठ्ठल दीड हजार वर्षे तिथे उभा आहे असे छातीठोकपणे सांगणारे लेख दरवर्षी आषाढीला छापून येतात. तेवढा भार तो तांब्याचा पत्रा पेलत नाही.

त्यानंतर सहाशे-सातशे वर्षे जवळजवळ शांतता. मग बाराव्या शतकाच्या अखेरीस एकदम वर्दळ सुरू होते. ११८९ चा, यादवांच्या काळातला शिलालेख सांगतो की विठ्ठलाचे एक छोटेसे देऊळ उभारले गेले. शं. गो. तुळपुळ्यांनी प्राचीन मराठी कोरीव लेखांवर जे आयुष्यभराचे काम केले, त्यात हा लेख महत्त्वाचा. आज ज्या देवळाच्या रांगा आषाढीला गोपाळपुरापर्यंत जातात, त्याची पहिली स्पष्ट नोंद एका छोट्या देवळाची आहे. पुढचा लेख १२३७ चा, देवळातल्या सोळखांबी मंडपाच्या तुळईवरचा. तो होयसळ राजा वीर सोमेश्वराचा, संस्कृत आणि कानडीत. भीमरथीच्या काठचे हे स्थान आणि तिथला महामुनी पुंडरीक त्यात येतात. देवाच्या नैमित्तिक खर्चासाठी राजाने गाव लावून दिले. बाराच वर्षांनी, १२४९ मध्ये, यादव राजा कृष्ण याच्या काळातल्या, बेळगाव भागात सापडलेल्या ताम्रपटात पौंडरीक क्षेत्राचा उल्लेख येतो. आणि १२७३ पासून ती फुलांची यादी.

होयसळ आणि यादव एकमेकांचे वैरी. भीमेच्या खोऱ्यावर दोघांचाही डोळा. तरी दोघांनीही या देवाला दान दिले. विठ्ठल कानडी की मराठी हा वाद मला म्हणून पोकळ वाटतो. संतांनीच त्याला कानडा म्हटले आहे, ते काही भाबडेपणाने नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर तुळईवर कानडी अक्षरे होती आणि वारीला कृष्णेपलीकडून येणारी माणसे होती. ती आजही येतात. कार्तिकीला विजयपूर, कलबुर्गीकडच्या गाड्या चंद्रभागेच्या वाळवंटावर उतरतात, कानडी भजने होतात, शेजारी मराठवाड्याची दिंडी टाळ धरते. सीमाभागावरून दोन राज्ये न्यायालयात गेली, वाळवंटात तो खटला उभा राहिलेला नाही.

आता मूळ देव कोण, त्याकडे येतो. इथे वाद खरा खोल आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१८४० च्या दशकात जॉन स्टीव्हन्सन या मिशनरी अभ्यासकाने दख्खनच्या धर्मात बौद्ध अंश किती मिसळला आहे यावर लिहिताना विठ्ठलभक्तांना बौद्ध-वैष्णव म्हटले. रा. गो. भांडारकरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वेगळी बाजू दाखवली: विठ्ठल हे विष्णूच्या नावाचे कानडी वळण असावे आणि पांडुरंग हे तर शिवाचे नाव. हेमचंद्राच्या बाराव्या शतकातल्या कोशात पांडुरंगाचा अर्थ रुद्र असाच दिला आहे. विठ्ठलाच्या मस्तकावर शिवलिंग आहे असे वारकरी मानतात; एकादशी आणि सोमवार दोन्ही पाळणारी घरे महाराष्ट्रात काही थोडीथोडकी नाहीत. जैनांमध्येही विठ्ठलाची मूर्ती नेमिनाथाची असल्याची समजूत आहे.

बौद्ध मूळ हा प्रश्न अभ्यासकांच्या टिपणांतून बाहेर काढून लोकांपुढे ठेवला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. तुकोबांचे देहू तिथून हाकेच्या अंतरावर. त्या प्रसंगी बाबासाहेबांनी जाहीर केले की पंढरपूरचा विठोबा हा मुळात बुद्ध आहे, आपण त्यावर प्रबंध लिहीत आहोत आणि तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात वाचणार आहोत. मंडळात वाचणार, हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. विधान जाहीर सभेत केले, पण सिद्ध करायचे ते इतिहासकारांच्या दारात, त्यांच्या नियमांनी, असा त्यांचा निश्चय होता. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले आणि प्रबंध राहिला. नंतर या विधानाचे दोन्ही बाजूंनी हाल झाले. एका बाजूने ते सिद्ध झाल्यासारखे घोषणांत आले, दुसरीकडून ते ऐकूनही घेतले गेले नाही.

ऐकून घ्यायला हवे होते, कारण त्यामागे सामग्री आहे. जुन्या पंचांगांतल्या आणि चित्रांतल्या दशावतारांकडे पाहा. नवव्या अवताराच्या जागी, जिथे बुद्ध हवा, तिथे कटेवर हात ठेवून विठ्ठल उभा असतो. संतांनीही विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटले आहे. महाराष्ट्राच्या लोकमनात विठ्ठल आणि बुद्ध यांची जोडी होती याला हा पक्का पुरावा आहे. पंढरपूरच्या देवळाखाली विहार होता याला मात्र तो पुरावा नाही. तशी शास्त्रीय खोदाई तिथे झालेली नाही आणि जागत्या देवळाखाली ती होणेही अवघड. या दोन गोष्टी एकाच दमात सांगता यायला हव्यात. हातात शस्त्र नाही, मुद्रा शांत, भक्ताकडून बळी नको, नैवेद्यापेक्षा नाम बरे, अशा देवाला लोकांनी बुद्ध म्हटले तर त्यांना त्याच्यात काय दिसले हे उघड आहे.

डॉ. रा. चिं. ढेरे यांचा ग्रंथ 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ मध्ये आला. १९८७ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ढेऱ्यांनी शोधाची दिशाच बदलली. त्यांनी देव राजांच्या लेखांत शोधला तसाच रानात शोधला. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात धनगरांचा विठ्ठल-बिरोबा नावाचा जोडदेव आहे. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला त्याची मोठी यात्रा भरते. भंडाऱ्याची इतकी उधळण होते की माणसे, घोंगडी, ढोल, रस्ता, सगळे पिवळे होऊन जाते. तिथला विठ्ठल विटेवर उभा नाही आणि तुळशीची माळ घातलेला नाही; तो बिरोबाचा जोडीदार, कळपांचा राखणदार. ढेऱ्यांचे म्हणणे, गवळी-धनगरांचा हा देव हळूहळू कृष्णाच्या गोपवेषात गेला, पुराणांनी त्याला माहात्म्य दिले, राजांनी गावे दिली, संतांनी अर्थ दिला. तिरुपतीचा व्यंकटेश हाही अशाच पशुपालकांचा देव आणि विठ्ठलाचा भाऊबंद, असे त्यांनी मांडले.

मला हे मत पटते. मेंढपाळांच्या वाटा उन्हाळ-पावसाळ्याप्रमाणे ठरलेल्या असतात. वर्षाच्या ठरलेल्या दिवसांत शेकडो मैल चालून एका जागी जमायचे आणि परतायचे, ही वारीची चाल त्या वाटांशी जुळते. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांबरोबर राहून त्यांच्या ओव्या आणि देव यांची जी नोंद केली, तीही याच बाजूला जाते. ढेऱ्यांनी नावात 'महासमन्वय' ठेवले आणि बौद्ध, शैव, जैन या सगळ्या धाग्यांना ग्रंथात जागा दिली, हा त्यांचा मोठेपणा.

याच ग्रंथाने एक वादळही उठवले, ते मूर्तीवरून. त्याआधी मूर्तीचा प्रवास सांगायला हवा.

विजयनगरच्या कृष्णदेवरायाने विठ्ठल हंपीला नेला आणि पैठणच्या भानुदासांनी, म्हणजे एकनाथांच्या पणजोबांनी तो परत आणला, ही कथा प्रत्येक कीर्तनकार सांगतो. हंपीला भव्य विठ्ठलमंदिर आहे, त्याचा गाभारा रिकामा आहे, त्यामुळे कथा डोळ्यांपुढे उभी राहते. पण हंपीच्या त्याच देवळाला भानुदासांच्या नंतरही, १५५० च्या दशकापर्यंत, दाने मिळत होती, मंडप बांधले जात होते, तिथे विठ्ठलाची पूजा चालू होती. म्हणजे तिथे पूजेत मूर्ती होती. गाभारा रिकामा झाला असेल तर तो १५६५ च्या पाडावानंतरच्या विध्वंसात, हे जास्त संभवते. पंढरपूरची मूर्ती कधी दक्षिणेत गेलीच नसेल असे यातून सिद्ध होत नाही. पण हंपीच्या रिकाम्या गाभाऱ्याला त्या कथेचा पुरावा म्हणून उभे करता येत नाही.

अफझलखानाच्या १६५९ च्या स्वारीच्या वेळी आणि पुढे औरंगजेबाचा तळ मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला १६९५ पासून चार वर्षे पडला होता तेव्हा मूर्ती हलवली गेली, हे जास्त भक्कम आहे. बादशहाची छावणी पंढरपूरपासून दिवसाच्या वाटेवर आणि देव जवळच देगावच्या पाटलांकडे दडवलेला. या कामात बडवे, म्हणजे देवळाचे वंशपरंपरागत सेवेकरी, होते. पुढे ज्या बडव्यांविषयी कठोर लिहावे लागणार आहे त्यांच्या पूर्वजांनी जिवावर उदार होऊन देव वाचवला, हेही त्यांच्या खाती जमा करायला हवे.

सोलापूर जिल्ह्यातच माढ्याला एक विठ्ठलमंदिर आहे. स्कंदपुराणाच्या नावावर असलेल्या पांडुरंगमाहात्म्यात मूर्तीच्या छातीवर कूटमंत्र असल्याचे वर्णन येते. पंढरपूरच्या मूर्तीवर तशी अक्षरे नाहीत, माढ्याच्या मूर्तीवर आहेत. त्यावरून ढेऱ्यांनी म्हटले की आद्य मूर्ती माढ्याला आहे. संकटकाळी तिकडे गेली ती तिथेच राहिली. पंढरपुरात संतापाची लाट उसळली. कोट्यवधी लोकांनी ज्या पायांवर डोके ठेवले ते पाय मूळ नव्हेत असे कोणी म्हटल्यावर दुसरे काय होणार? ग. ह. खरे यांच्यासारख्या शिस्तीच्या इतिहासकारानेही याआधी सध्याच्या मूर्तीच्या प्राचीनतेविषयी शंका काढली होती, पण तिची एवढी चर्चा झाली नव्हती.

ढेऱ्यांचा मी चाहता आहे, तरी या एका मुद्द्यावर त्यांच्यामागे जाता येत नाही. माहात्म्य ग्रंथरूपाने उपलब्ध असताना त्यातले वर्णन पाहून नंतरच्या कोणी मूर्ती घडवून घेतली असेल, तर अक्षरे तशीच दिसतील. वर्णन आणि मूर्ती जुळतात, यावरून आधी कोण हे ठरत नाही. शिवाय ज्या मूर्तीला रोज हजारो हात लागतात, दूध-दही-मधाची स्नाने होतात, जिला झीज थांबवण्यासाठी वज्रलेप करावे लागतात, तिच्या छातीवर आठशे वर्षांपूर्वी काय होते हे आज डोळ्यांनी पाहून कोण सांगणार?

पंढरपूरचे वेगळेपण या हात लागण्यात आहे. मोठ्या क्षेत्रांत देवाला दुरून पाहायचे असते. इथे पायांवर डोके ठेवता येते, वेळ अगदी पापणी लवण्याएवढा असला तरी. मागून 'माउली, पुढे सरा' ऐकू येते, डोके टेकते न टेकते तोच पाय बाहेरच्या दिशेला वळलेले असतात. आषाढीच्या आधी देवाचा पलंग निघतो, म्हणजे देवाची झोप बंद होते, कारण चोवीस तास लोक येत राहणार. उभा राहून थकेल म्हणून त्याच्या पाठीला लोड देतात. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा करून त्याचा शीण घालवतात. देवाच्या दमण्याची एवढी काळजी करणारे हे क्षेत्र.

आणि याच क्षेत्रात शतकानुशतके माणसांतल्या काहींना त्या पायांपर्यंत येऊ दिले नाही.

चोखामेळा मंगळवेढ्याचे. १३३८ मध्ये तिथल्या गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. मागे नामदेवांची पायरी, समोर चोखोबांची समाधी. महाद्वारातून आत जाणारा प्रत्येकजण या दोघांच्या मधून जातो. समाधीपासून गाभारा काही पावलांवर. चोखोबांच्या जातीच्या माणसांना ती पावले चालायला सहाशे वर्षे लागली. चौऱ्याऐंशीच्या शिळेवर ज्यांची नावे कोरली गेली त्यांच्या हयातीतच केव्हातरी चोखोबा जन्मले असतील. त्यांच्याकडे पैका नव्हता आणि असता तरी तो त्या यादीत गेला नसता. देवळात शिरल्याबद्दल मिळालेला मार त्यांच्या अभंगांत आला आहे.

१९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषणाचा निश्चय केला. उपोषणाआधी सेनापती बापटांसह त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगावची देवळे आणि विहिरी खुल्या करून घेतल्या, सह्या गोळा केल्या. १ मे ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. पंढरपुरातून विरोध झाला, बाहेरूनही गैरसमजाचे निरोप आले. दादासाहेब मावळणकरांनी मध्यस्थी केली आणि १० मे ला बडव्यांनी मंदिर खुले करण्याचे मान्य केल्यावर उपोषण सुटले. स्वातंत्र्याला तेव्हा तीन महिने बाकी होते.

यानंतरची एक गोष्ट पंढरपुरात अजून दबक्या आवाजात सांगतात. अस्पृश्य आत येण्याआधी काही कर्मठांनी विधी करून मूर्तीतले तेज पाण्याच्या घागरीत काढून घेतले आणि घागर दुसरीकडे नेली. ज्यांना आत घ्यावे लागले त्यांना देव नसलेल्या दगडापुढे उभे करायचे, हा त्यामागचा हिशेब. मूळ मूर्ती कोणती यावर एवढी शाई सांडली गेली. या घागरीवर त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले. मूर्ती बदलली की नाही हे ढेऱ्यांना पुराव्यांतून शोधावे लागले. इथे तर काही लोकांनी आपण होऊन जाहीर केले की आता गाभाऱ्यात देव नाही. तरीही चोखोबांचे वारस रांगेला लागले आणि त्यांनी पायांवर डोके ठेवले.

देवळाच्या ताब्याचा वाद मी थोडक्यात सांगतो, कारण न्यायालयाच्या कागदांत तो सविस्तर आहे. विठ्ठलाकडे बडवे आणि त्यांच्याबरोबर सेवाधारी: पुजारी, बेणारे, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे. रुक्मिणीकडे उत्पात. प्रत्येकाचे काम ठरलेले. पूजा कोणी सांगायची, पाणी कोणी द्यायचे, चोपदारी कोणी करायची, दिवटी कोणी धरायची, आरसा कोणी दाखवायचा आणि कोणत्या ओवाळणीत कोणाचा वाटा. बडवे आणि सेवाधारी यांचे हक्कांवरून आपसांतले दावे इंग्रजी अमलातही चालले. देवापुढचे उत्पन्न गोळा करण्याच्या हक्काचा बडव्यांत लिलाव होई; बोली लावणारा ती रक्कम भक्तांकडून वसूल करणार हे उघड होते. तक्रारी वाढल्या तेव्हा १९६८ मध्ये सरकारने बी. डी. नाडकर्णी यांचा आयोग नेमला. १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा झाला आणि वंशपरंपरागत हक्क रद्द झाले. लगेच न्यायालयीन लढाई सुरू झाली. १९८५ मध्ये समितीच्या हाती कारभार आला, पण हक्कांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात १५ जानेवारी २०१४ ला सुटला. बडवे-उत्पातांचे अपील फेटाळले गेले. त्याच वर्षी समितीने पुजाऱ्यांसाठी सर्व जातींतून आणि रुक्मिणीसाठी स्त्रियांकडूनही अर्ज मागवले. चोखोबांच्या गावापासून जवळच असलेल्या गाभाऱ्यासाठी ही जाहिरात निघाली, हे मला कायद्याच्या कलमांपेक्षा मोठे वाटते.

तरी ताब्याचा प्रश्न पुन्हा उघडला आहे. २०२३ मध्ये या कायद्याच्या वैधतेला मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेने आव्हान दिले गेले. याचिकाकर्त्यांत सुब्रमण्यम स्वामी आहेत. सरकारने धर्मसंस्था चालवू नये, या म्हणण्यात तथ्य आहे आणि समितीच्या कारभारावर बोट ठेवायला जागाही पुष्कळ आहे. पण सरकार नको म्हटल्यावर दार कोणासाठी उघडायचे, हे त्याच दमात सांगायला हवे. ते उत्तर पुन्हा जन्मावर जात असेल, तर १९४७ च्या मागे जाण्याचा तो रस्ता आहे.

२०२४ मध्ये देवळाच्या जतनाचे काम जोरात सुरू झाले. ७३ कोटींहून मोठा आराखडा. मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्शदर्शन बंद होते. गाभाऱ्याच्या, चौखांबीच्या भिंतींवरचा चांदीचा पत्रा उतरवला आणि आतला काळा दगड उघडा पडला. नव्या-जुन्या रंगांचे थर निघाले, फरशा निघाल्या. देऊळ पुन्हा दगडाचे दिसू लागले. चांदी गेल्याची हळहळ वाटणारे लोक आहेत, मला मात्र हे काम आवडले.

मे अखेरीस संत कान्होपात्रेच्या स्थानाजवळ, हनुमान दरवाजाच्या बाजूला फरशीखाली पोकळी लागली. खाली लहानसे तळघर होते. त्यातून व्यंकटेशरूपातल्या मूर्ती, महिषासुरमर्दिनी, पादुका निघाल्या. पुरातत्त्वाच्या लोकांनी प्राथमिक अंदाज सोळाव्या-सतराव्या शतकाचा दिला. वाहिन्यांवर त्या रात्री काय काय ऐकले! मूळ विठ्ठल सापडला इथपासून भुयार थेट कुठल्या कुठे जाते इथपर्यंत. व्यंकटेश निघाला म्हणून ढेऱ्यांचे मत सिद्ध झाले असेही काहींनी ठोकून दिले. एखाद्या भक्ताने तिरुपतीच्या ओढीने ठेवलेल्या मूर्ती असतील, आक्रमणाच्या भीतीने दडवल्या असतील, भंगल्या म्हणून पूजेतून काढल्या असतील. कोणता थर, शेजारी कोणती नाणी, कोणता चुना, हे सावकाश प्रसिद्ध झाले तरच काही कळेल. त्या अहवालाची वाट पाहणे हे आपल्यासारख्यांचे काम आहे आणि तो मागत राहणेही.

देवळाबाहेर कॉरिडॉरची, म्हणजे मंदिराभोवतीचा परिसर रुंद करण्याच्या आराखड्याची धास्ती आहे. मंदिराभोवतीच्या गल्ल्यांत जुने वाडे आहेत, मठ आहेत, चुरमुरे-बत्तासे, तुळशीच्या माळा आणि बुक्क्याची दुकाने आहेत. रुंदीकरणात घर जाईल म्हणून तिथले लोक संघटित होऊन विरोध करत आहेत. यात्रेला दहा-पंधरा लाख माणूस येतो तेव्हा त्या गल्ल्या पुरत नाहीत, हे खरे. पण मठ आणि वाडे हीसुद्धा पंढरपूरच्या इतिहासाची कागदपत्रे आहेत. दिंड्या उतरतात ती ठिकाणे, तिथल्या वह्या, तिथली पिढीजात नाती पाडल्यावर परत बांधता येणार नाहीत.

रांगेसाठी नवा दर्शनमंडप उभारायचा आहे. माणसे त्यात तासन्‌तास बसणार. चौऱ्याऐंशीच्या शिळेचा ठसा, त्याचे वाचन आणि सोप्या मराठीतला अर्थ त्या मंडपात लावावा, असे माझे मागणे आहे. ११८९ च्या छोट्या देवळाचा लेख लावावा, तुळईवरचा होयसळांचा लेख कानडी अक्षरांसकट लावावा. पट्टणकोडोलीचा विठ्ठल-बिरोबा तिथे असावा, पंचांगातला नववा अवतार असावा, देहूरोडची तारीख असावी. मूळ शिळेला काच लावून पाठ घासणाऱ्यांना थांबवावे लागेल. त्यांना बाजूला त्याच मापाची प्रतिकृती द्यावी, घासू द्यावी. आणि दान देणाऱ्यांच्या यादीशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, मंगळवेढ्याचे चोखामेळा, शके ११९५ च्या यादीत नाहीत, आणि १० मे १९४७, अशा दोन ओळी असाव्यात.